सम्यक सुळका

कांता कासारेचा मुलगा डोंगरावरून पडून गेला, तेव्हा त्या डोंगराला शहरात कुणी नावाने ओळखत नव्हतं. कल्याणच्या पुढे, मलंगच्या रांगेपासून जरा सुटा पडलेला एक सुळका. खाली नांदूळ गाव, मध्ये चढावर ठाकरांची वाडी. पोलिसांच्या कागदात ‘नांदूळ गावच्या हद्दीतील डोंगर’ एवढंच लिहिलं होतं.

सम्यक बावीस वर्षांचा होता. बी.एस्सी. करून नुकताच एका लॅबमध्ये लागला होता. कासारे कुटुंब वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायचं. वडील रवींद्र बसच्या डेपोत मेकॅनिक, आई कांता वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, आणि सम्यकच्या पाठची प्रीती कॉलेजात. डोंगराचं वेड घरात कुणालाच नव्हतं, ते एकट्या सम्यकला लागलेलं. रविवारी संध्याकाळी परत आला की गॅलरीत बसून बूट धुवायचा. ते लाल पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं आणि दर सोमवारी सकाळी कांताला खालच्या बाईंची बोलणी खावी लागायची. कांता त्याला रागवायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा चपाती-चटणी बांधून द्यायची.

तो पडला तो जानेवारीतला कोरडा, लख्ख दिवस होता. वर पोचायला दोन-तीन हात राहिले होते. हाताने धरलेला दगडच सुटून आला. ग्रुपचा लीडर ऋतुराज, डोंबिवलीचा, त्याच्या खालीच होता. त्याने सगळं पाहिलं. वाडीतल्या माणसांनी घोंगडीची झोळी करून सम्यकला खाली आणलं. त्यांत पुढे होता धोंडीबा नावाचा साठीचा माणूस. त्याने खाली आल्यावर स्वतःच्या डोक्याचं मुंडासं सोडून सम्यकच्या तोंडावर घातलं, तोवर गावात येऊन पोचलेल्या कांताच्या एवढंच लक्षात राहिलं.

वर्ष होत आलं तेव्हा ऋतुराज घरी आला. 

“काकू, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. त्या सुळक्याला सम्यकचं नाव द्यायचं. वर एक स्टीलची पाटी लावू. तुमची परवानगी असेल तरच.”

कांताच्या डोळ्यांत पाणी आलं. रवींद्र मात्र म्हणाला, “डोंगराला माणसाचं नाव कशाला द्यायचं?”

“तुम्हांला नको असेल तर नका येऊ तुम्ही,” कांता म्हणाली. एवढं तोडून ती नवऱ्याशी कधी बोलली नव्हती. मग ऋतुराजला म्हणाली, “पाटीवर काय लिहाल?”

“फक्त नाव, काकू. मरणाचं काही नको. लोकांनी वर यावं, नाव वाचावं आणि त्यांना छान वाटावं.”

कांतालाही ते पटलं.

स्मृतिदिनाला ती आणि प्रीती नांदूळला गेल्या. वाडीच्या वरच्या पठारावर मेणबत्ती, अगरबत्ती लावून त्रिसरण म्हटलं. मुलं पाटी घेऊन वर गेली. खालून ती मुंग्यांएवढी दिसत होती. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी हात हलवले आणि ओरडून सम्यकचं नाव घेतलं. ते दरीतून दोनदा परत आलं. वाडीतली माणसं लांब उभी राहून बघत होती. या डोंगराला तुम्ही काय म्हणता, हे त्यांना त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

त्यानंतरची काही वर्षं कांताची बरी गेली. घरी परत येणारा मुलगा नव्हता, पण त्याचं नाव मात्र हिंडत होतं. कुणीतरी मोबाइलच्या नकाशावर ‘सम्यक सुळका’ टाकला. लोक त्याखाली लिहू लागले. इंग्रजीतलं असेल ते प्रीती वाचून दाखवायची. “सम्यक पहाटे फार सुंदर दिसतो.” “सम्यकला एकदा तरी भेटाच.” “सम्यक सोपा आहे, घाबरू नका.” कांता ऐकायची आणि पुन्हा वाचायला लावायची. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत ती फोन काढून बायकांना फोटो दाखवायची. एक दिवस बाजूच्या टेबलावरची बाई म्हणाली, “कांताताई, माझा भाचा तुमच्या सम्यकवर जाऊन आला.” कांताने आधी विचारलं, “पाटी नीट आहे ना? गंजली नाही ना?”

लॉकडाऊन उठल्यावर गर्दी वाढली. शनिवार-रविवार पन्नास-पन्नास जणांच्या टोळ्या घेऊन जाणारे आयोजक निघाले. कुणी तंबू लावायला लागलं, कुणी माथ्यावर ड्रोन उडवायला लागलं. सम्यकच्या नावाचे टी-शर्टही निघाले. प्रीतीने ते फोनवर बघितले पण आईला दाखवले नाहीत.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी कांता लसूण सोलत बसली होती. टीव्ही चालू होता. बातम्या देणारी मुलगी म्हणाली, “सम्यक...” आणि कांताने हसून मान वर केली. पुढचं वाक्य मग तिच्या कानावर आलं. सम्यक सुळक्यावरून पडून कळव्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला होता. रसिका घाग तिचं नाव.

रवींद्रने उठून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशीचा पेपर त्याने घडी करून गादीखाली सारला. पण कंपनीत कुणाच्या तरी डब्याला तोच पेपर गुंडाळलेला होता. तेलाच्या डागाच्या वर मोठा मथळा होता: ‘सम्यकने घेतला बळी’. कांता तो कागद हातात धरून उभी राहिली. मशिनच्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येऊन साचत गेली. शेवटी सुपरवायझरला पट्टा थांबवावा लागला.

पुढचे चार दिवस हेच चाललं. एका चॅनेलने ‘खुनी सम्यक’ म्हटलं, दुसऱ्याने ‘सम्यकच्या विळख्यात तरुणाई’. आपल्या मुलाने कुणाला साधी चापट मारल्याचं कांताला आठवत नव्हतं.

“मी कळव्याला जाऊन येते,” ती प्रीतीला म्हणाली.

“आई, वेडी आहेस का? काय सांगणार तिथे जाऊन?”

“काही नाही. बसून येईन.”

घागांचं घर कळव्याला डोंगराच्या अंगाला चढत गेलेल्या चाळीत होतं. दारात चपलांचा ढीग होता. आत रसिकाची आई कलावती भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूला नात्यातल्या बायका. कुणीतरी कांताला सरकून जागा दिली. या घरात येणाऱ्या प्रत्येकाला कलावती पहिल्यापासून सगळं सांगत होती. तिने कांतालाही सांगितलं.

“कधी डोंगरावर गेली नव्हती हो. ऑफिसातल्या मुली निघाल्या म्हणून निघाली. म्हणते, आई, मी रविवारी सम्यकला चाललेय. मी म्हटलं, कोण गं हा सम्यक? लग्नाबिग्नाचं ठरवलंस की काय? तर केवढी हसली. म्हणते, आई, डोंगर आहे गं तो.” कलावतीने पदराने नाक पुसलं. “नाव चांगलं वाटलं मला. म्हटलं, एवढं चांगलं नाव आहे, वाईट जागा नसेल. सैतानाचा कडा, राक्षसाचा सुळका असं काही सांगितलं असतंन्, तर मी सोडली नसती तिला.”

कांता मान खाली घालून ऐकत होती. बसून यायचं आणि बोलायचं नाही, असं ठरवून आली होती. पण तिच्याच्याने राहवलं नाही.

“सम्यक माझा मुलगा,” ती म्हणाली. “त्याच्यावरून नाव ठेवलंय. तोही तिथूनच पडला.”

खोलीतली कुजबुज थांबली. दारातून एक पुरुष पुढे आला. रसिकाचा काका असावा. “ताई, तुम्ही निघा आता,” तो हळू पण ठाम आवाजात म्हणाला.

“थांबा भावोजी,” कलावती म्हणाली. ती कांताकडे बघत होती. डोळे कोरडे झाले होते. “म्हणजे तुम्हांला माहीत होतं, तिथे माणूस मरतो.”

कांताने होकारार्थी मान हलवली.

“तिथे पाटी आहे म्हणे. फोटो पाठवलेलान् तिने मला, पडायच्या आधी. पाटीला हात लावून उभी. नुसतं नाव आहे त्याच्यावर. पुढचं का नाही लिहिलंत?”

 कांता उठली, दारातल्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि खाली उतरली. मागून कुणीही हाक मारली नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने ऋतुराजला फोन लावला. त्याचं आता लग्न झालेलं होतं, डोंगर सुटलेले होते. रसिकाची बातमी कळल्यापासून तो झोपला नव्हता, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

“मला ते नाव काढायचंय,” कांता म्हणाली.

“काकू, पाटी काढता येईल. मी लावलेली, मीच काढतो. पण नाव नाही निघणार आता. नकाशात आहे, लोकांच्या तोंडात आहे. मी या आठवड्यात दोनदा नकाशावाल्यांना लिहिलं. ते बदलतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा तेच टाकतं.”

“पाटी तरी काढू.”

विठ्ठलवाडीहून एसटीने दोघं नांदूळला गेली. वाडीपर्यंतचा चढ कांताने बसत-उठत काढला. वाडी आता ओळखू येत नव्हती. झोपड्यांच्या जागी पत्र्याच्या शेड आल्या होत्या. ‘सम्यक भोजनालय’, ‘सम्यक कॅम्पिंग’ असे बोर्ड होते. धोंडीबा एका शेडच्या सावलीत बसलेला होता, फार म्हातारा झालेला. त्याने कांताला लगेच ओळखलं. त्याच्या सुनेने, रतनने, पाणी आणून दिलं.

कशासाठी आलो ते कांताने सांगितलं. रतनचा चेहरा बदलला.

“पाटी काढली तर लोक कशाला येतील?” ती म्हणाली. “पाटीजवळच फोटो काढायचा असतो सगळ्यांना. आमी काय खायचं मग?”

“दोन मुलं गेली गं,” कांता म्हणाली.

“हां, गेली. माझाच नवरा गेलता त्या पोरीला आणायला. आमाला काय बरं वाटलं?” रतन म्हणाली. “पण आधी पोटासाठी वीटभट्टीवर जायला लागायचं. घर सोडून, पोरं घेऊन. तितं मरतात ती कुनी टीव्हीवर दाखवत नाय.”

धोंडीबाने हात वर करून तिला गप्प केलं. “आमी ढवळी म्हनायचो हिला,” तो कांताला म्हणाला. “तो पांढरा पट्टा दिसतो ना, त्याच्यामुळं. आता आमची पोरं पन सम्यकच म्हनतात. गिऱ्हाईकाला ढवळी सांगितलं तर कळत नाय.” जरा थांबून म्हणाला, “पाटी तुमची. तुमी न्या. पन बाई, तुमच्या पोराच्या नावावर वाडी जेवते, हे खोटं नाय.”

 कांता उठून ऋतुराजच्या मागे चालू लागली.

सुळक्याच्या बुडाशी असलेल्या खिंडीपर्यंत ती पोचली. तिथून पुढे सरळ कातळ होता. एका आयोजकाची टोळी उतरत होती. ऋतुराज दोर लावून वर चढला. वरून पान्याचे ठोके ऐकू आले, तसा तो आयोजक चिडला. पंचविशीतला मुलगा, गळ्यात शिट्टी.

“ओ भाई! क्या कर रहा है? पाटी का काढतोयस? काकी, तुमच्याबरोबर आहे का तो? सांगा त्याला, ती पब्लिक प्रॉपर्टी आहे!”

“ती माझ्या मुलाची पाटी आहे,” कांता म्हणाली.

त्याला आधी खरं वाटलं नाही. मग त्याने खिशातून फोन काढला. “काकी, प्लीज, एक मिनिट. जरा बोला ना त्याच्याबद्दल. लोकांना प्रेरणा मिळेल.”

कांताला वाटलं, बोललं तर कुणीतरी ऐकेल. फोनकडे बघून ती म्हणाली, “येऊ नका इथे. माझा मुलगा गेला, कळव्याची मुलगी गेली. हात जोडते तुम्हांला, येऊ नका.” आणि तिने खरंच हात जोडले.

ऋतुराज पाटी घेऊन खाली आला. स्टीलवर खिळ्यांनी कोरलेली कुणाकुणाची नावं होती, बदाम होते, एक मोबाइल नंबर होता. कांताने ती पिशवीत घातली आणि घरी आणून पलंगाखाली ठेवली.

तो व्हिडिओ तीन दिवसांत कुठल्या कुठे पोचला. ‘सम्यकच्या आईची हाक’ असं त्याला नाव दिलेलं होतं, मागे करुण संगीत लावलेलं होतं. पुढच्या रविवारी नांदूळला गाड्या लावायला जागा उरली नाही. पाटी काढलेली जागा बघायला लोक चढत होते. ऋतुराजने फोन करून सांगितलं तेव्हा कांता बराच वेळ नुसतं “हो, हो” करत राहिली.

त्याच महिन्यात उल्हासनगरचा एक मुलगा पडला. तो वाचला, पण कमरेखाली लुळा झाला. मग मात्र बंदी आली. वाटेवर तार आली, रविवारी पोलीस बसू लागले, आणि वाडीच्या खाली लोखंडी खांबांवर मोठा फलक उभा राहिला. प्रीतीने फोनवर त्याचा फोटो दाखवला. वर लाल अक्षरांत ‘सम्यक सुळका’, खाली ‘धोकादायक. प्रवेश बंद’.

आजवर कुठल्याही सरकारी कागदात ते नाव नव्हतं. बंदीच्या हुकमात ते पहिल्यांदा आलं.

कांता अर्धा दिवस रजा टाकून वनखात्याच्या कचेरीत गेली. साहेबांनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. “बाई, मला कळतंय,” ते म्हणाले. “पण ढवळी लिहिलं तर कुणाला कळणार? लोक सम्यक शोधत येतात. ते ज्या नावाने येतात, त्याच नावाने त्यांना थांबवावं लागतं.”

त्यांचं चुकत नव्हतं. कांता घरी आली आणि जेवता जेवता तिने रवींद्रला हे सांगितलं. इतकी वर्षं रवींद्र त्या डोंगराकडे फिरकला नव्हता, त्याच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. हातातला घास ताटात ठेवून तो म्हणाला, “मला बघायचाय तो फलक.”

पुढच्या बुधवारी दोघं गेली. आडवार म्हणून पोलीस नव्हते. फलकासमोर रवींद्र बराच वेळ उभा राहिला. कांताला वाटलं, तो रडेल. पण त्याने फक्त खांब हलवून बघितला, पक्का आहे की नाही ते.

वाडीत शेड बंद होत्या. ‘सम्यक भोजनालय’चा बोर्ड उतरवून भिंतीला टेकवलेला होता. धोंडीबा आत निजून होता. त्याला आता नीट ऐकू येत नव्हतं. रतनचा नवरा पनवेलकडे वीटभट्टीवर गेला होता, आठ दिवसांनी तीही निघणार होती. तिने दोघांना पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” ती म्हणाली.

कांताने तांब्या परत दिला. 

फाट्यावर एसटीची वाट बघत असताना दोन मुलं आली. पाठीला सॅक, कॉलेजातली असावीत. त्यातल्या एकाने रवींद्रला विचारलं, “काका, सम्यकला मागून वाट आहे ना? पुढून बंद केलीय म्हणे.”

रवींद्रने त्याच्या सॅकचा पट्टा धरला. “सम्यक मेला,” तो म्हणाला. “मी त्याचा बाप. घरी जा.”

मुलगा घाबरून मागे सरकला. दुसऱ्याने त्याचा दंड धरून ओढलं, “चल रे, छोड ना.” दोघं रस्त्याने बरीच खाली गेली. मग वळणावर गवतात शिरली आणि वाडीच्या मागच्या बाजूला चढू लागली. त्यांच्या सॅकचा पिवळा रंग बराच वेळ दिसत होता.

कांताने ऋतुराजला विचारून पोलीस चौकीचा नंबर घेतला आणि तिथे फोन लावला. पलीकडून “बघतो” म्हणाले. एसटी आली. कंडक्टरने हात दाखवला, पण दोघंही उठली नाहीत. गाडी निघून गेली.

“पुढच्या गाडीने जाऊ,” रवींद्र म्हणाला.

ऊन कलत गेलं. कांताने डबा उघडला. कुणालाच भूक नव्हती, तिने तो पुन्हा बंद केला. पुढची गाडीही आली आणि गेली. रवींद्र एकटक सुळक्याकडे बघत होता. पांढऱ्या पट्ट्यावरचा उजेड हळूहळू वर सरकत माथ्यापर्यंत गेला. एकदा वरून काही तरी गडगडत आल्यासारखा आवाज झाला. रवींद्र ताडकन उठला. कांताने त्याचा हात घट्ट धरला. पुढे काही ऐकू आलं नाही.

अंधार पडायच्या जरा आधी मुलं वळणावर दिसली. एकाचा कोपर सोलवटलेला होता, दुसरा लंगडत होता. दोघंही हसत होती. फाट्यावर ही दोन माणसं अजून बसलेली बघून त्यांचं हसू गेलं. एकमेकांकडे बघत ती लांब उभी राहिली.

शेवटची गाडी आली. चौघंही तिच्यात चढली. कांताने मागे वळून कोपर खरचटलेल्या मुलाला पाण्याची बाटली दिली. त्याने जखम धुतली आणि “थँक्यू काकू” म्हणून बाटली परत केली. तिने त्याचं नाव विचारलं नाही. रवींद्र खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटून बसला होता. 

विठ्ठलवाडीला मुलं उतरली आणि गर्दीत गेली.